सुरीने, भावाबरोबर

सोमवार, ८ जुलै २०२४

दैनंदिनी लिहायची सवय केव्हाच मोडली होती. आज पुन्हा वही काढली, कारण आज जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि या भाड्याच्या खोलीत माझ्याशिवाय फक्त पंखा आहे.

दुपारी पुण्याहून सरांचा फोन आला. माझा प्रबंध त्यांच्याच हाताखाली चाललाय. सोलापुरात मराठी शिकवणाऱ्या माणसाला इराणी भाषांशी काय देणंघेणं, असं स्टाफरूममध्ये सगळे विचारतात. सुरुवात साधी होती. शाळेत तृतीया पाठ केली : ने, ए, शी. सुरीने कापलं, भावाशी भांडलो. हत्यार आणि माणूस एकाच विभक्तीत कसे, हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग फारसी शिकलो. तिथे तर ‘बा’ हा एकच शब्द दोन्हीकडे. बा कार्द म्हणजे सुरीने, बा बरादर म्हणजे भावाबरोबर. तिच्या शेजारची कुर्दी मात्र दोन वेगळे शब्द वापरते, असं पुस्तकं सांगतात. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण याच कुर्दीवर आहे.

सर म्हणाले, “मल्हार, लिहिलंस छान. पण तू आजवर एक तरी कुर्दी माणूस बोलताना ऐकलायस का? ऑक्टोबरच्या सादरीकरणाआधी एखादा बोलणारा गाठ. नाहीतर ते प्रकरण काढून टाक.”

काढून टाक म्हणे! सोलापुरात कन्नड, तेलुगू, दखनी हवी तेवढी मिळेल. कुर्दी माणूस आणू कुठून?

त्यात मोटारसायकल बंद पडली. गॅरेजवाला म्हणतो पार्ट पुण्याहून येईल. सगळं पुण्याहूनच यायचंय.

शुक्रवार, १२ जुलै

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल राजश्री मॅडम आज गाल सुजवून आल्या. काल दाढ काढली. बोलता येत नव्हतं तरी मला बघून हातानेच ‘बसा’ म्हणाल्या आणि कागदावर लिहिलं : “येक, दू, से, चवार.”

माझ्या प्रबंधाच्या परिशिष्टातले कुर्दी आकडे! मॅडमनीच ते टाइप करून दिले होते. पुढे लिहिलं : “दाताच्या डॉक्टर कापसाचे बोळे मोजताना पुटपुटत होत्या.”

सात रस्त्याजवळचा दवाखाना. पाटी आहे ‘डॉ. बसवेश आणि डॉ. शीला’. मी स्वतः तिथे दोनदा दात भरून घेतलेत. शीला डॉक्टर गोऱ्या आहेत, घाऱ्या डोळ्यांच्या आहेत, हे पाहिलं होतं. पण तोंड उघडं ठेवून झोपलेला माणूस तरी काय चौकशी करणार?

रविवारी मॅडम त्यांच्या स्कूटरवरून मला तिथे सोडणार आहेत. माझी गाडी बंद असल्यामुळे मोठीच सोय झाली.

रविवार, १४ जुलै

सापडल्या! शीला नव्हे, झीला. गाव सनंदज, इराणच्या कुर्दिस्तानात. पुण्याला दंतवैद्यकी शिकायला आल्या, वर्गात बसवेश भेटले, लग्न केलं आणि सोलापुरात राहिल्या. सासूबाई सुंदरम्मांना ‘झ’ म्हणता येईना, त्यांनी शीला केलं. मग गावानेच केलं.

बोलणं मात्र अस्सल इथलं. “बसा की. उभं का ऱ्हायलाव? चहा का कॉफी?”

मी विषय सांगितल्यावर त्या हसायला लागल्या. “एवढ्यासाठी पीएचडी देतेत व्हय?” मग म्हणाल्या, “हे बघा सर, घरी कुर्दी, शाळेत फारसी, पुण्यात इंग्रजी, हितं मराठी आणि अत्तीसाठी कन्नड.” अत्ती म्हणजे सासू. “कुर्दी बोलायला हितं कोण हाय? गंजली असंल माझी.”

बसवेश डॉक्टर आतून म्हणाले, “झोपेत बोलतीस की.”

दर रविवारी अकरा वाजता बसायचं ठरलं. मॅडम ध्वनिमुद्रण करणार. कॉलेजचं चांगलं रेकॉर्डर त्यांच्याच ताब्यात असतं, म्हणून त्यांना दरवेळी यावं लागेल. मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “रेकॉर्डरसाठी येते हो मी.” दाढ काढल्यामुळे असेल, आवाज जरा तिरका वाटला.

रविवार, २८ जुलै

आज आनंदाने घरभर फिरलो. खोली एकच आहे, तरी फिरलो.

मी मराठीत वाक्य सांगायचं, झीला डॉक्टरांनी कुर्दीत. पकडीने दात काढला. बहिणीबरोबर बाजारात गेले. दोन्हीकडे त्यांनी एकच शब्द वापरला : बा! म्हणजे पुस्तकं चूक. सनंदजची कुर्दी फारसीसारखीच साधन आणि सोबत एकाच शब्दाने दाखवते. हे आजवर कुणी नोंदवलेलं नाही, निदान मी तरी वाचलेलं नाही.

मजा म्हणजे ‘छत्री घेऊन आला’ या वाक्यालाही त्यांनी ‘बा’च लावलं. आपण मराठीत ना छत्रीने म्हणतो, ना छत्रीबरोबर. छत्री घेऊन. या ‘घेऊन’वर वेगळा परिच्छेद लिहायला हवा.

परत येताना मॅडमना हे सगळं सात रस्त्याच्या सिग्नलवर समजावलं. सिग्नल दोनदा हिरवा झाला.

मंगळवार, ६ ऑगस्ट

प्रकरण अर्धं लिहून झालं. मॅडमनी वाचलं. अक्षर न् अक्षर वाचतात त्या, हा त्यांचा गुण. मी ‘छान’ ऐकायला बसलो होतो.

त्यांनी विचारलं, “सर, झीला डॉक्टर इतकी वर्षं कुर्दी बोलल्यात कुणाशी?”

“का?”

“माझी आत्या नांदेडला राहिली. तेलुगू शेजारणींत राहून तिची मराठी बदलली. झीलाबाई मधे शाळेत फारसी शिकल्या, आता वीसेक वर्षं कुणाशीच बोललेल्या नाहीत. हा ‘बा’ सनंदजचा की त्यांच्या एकटीचा?”

मला राग आला. खरं सांगायचं तर राग यासाठी आला, की हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी म्हणालो, “तुम्ही ग्रंथालयशास्त्रवाल्या, तुम्हाला शंका जास्त.” त्या पुस्तकांवर शिक्के मारायला लागल्या. जरा जोरात मारत होत्या.

संध्याकाळी सॉरीचा मेसेज केला. उत्तर आलं : “रविवारी साडेदहाला खाली या.”

रविवार, ११ ऑगस्ट

वाईट दिवस. मी फार नाजूकपणे विचारायचं ठरवलं होतं आणि अगदी उघडंवाघडं विचारलं : “तुमची आईसुद्धा ‘बा’च म्हणायची का?”

झीला डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाल्या, “आठवंना.”

“असू दे, दुसरं वाक्य घेऊ,” मी म्हणालो.

“दुसरं नको. आई स्वयंपाकघरात बसून कांदा कापायची, मला दिसालंय सगळं. ती काय म्हणायची तेवढंच ऐकू येईना.” त्यांनी डोळे पुसले आणि लगेच स्वतःवरच चिडल्या. “फारसी बोलाल्ते मी तुमच्याशी! क्रियापद कुर्दी आणि बाकी शाळेतलं. तुमचं प्रकरण फाडा सर.”

मॅडम उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. मी रेकॉर्डर बंद केलं. दुसरं काय करावं कळेना. सुंदरम्मा आतून बाहेर आल्या, कन्नडमध्ये मला बहुधा रागावल्या आणि सगळ्यांपुढे शेंगाचटणी-भाकरी ठेवली.

निघताना मॅडमनी विचारलं, “तिकडे तुमचं कुणी आहे?”

“भाऊ हाय, आणि थोरली बहीण, पर्शंग. सणाला मेसेज टाकतो की एकमेकींना.”

“बोलत नाही?”

“काय बोलू? मी सुरुवात केली की अडकते. ती मग फारसीत बोलते, मला पाहुणीसारखं. लाज वाटते मॅडम.”

माझ्या हावरेपणाने एका चांगल्या बाईला रडवलं. प्रकरण काढून टाकायचं ठरवलं आहे. सरांना उद्या कळवतो.

सोमवार, १२ ऑगस्ट

सरांना कळवलं नाही. मॅडम म्हणाल्या, एक रविवार थांबा.

रविवार, १८ ऑगस्ट

काय दिवस होता!

गेलो तर झीला डॉक्टर नवी साडी नेसून टेबलावर टॅब उभा करून बसलेल्या. मॅडम आठवडाभर त्यांच्याशी फोनवर बोलत होत्या म्हणे. मला पत्ता नाही. पर्शंगताईंना वेळ दिलेली होती. पडद्यावर एक जाडजूड, हसऱ्या बाई आल्या, हातात भाजी निवडायचं ताट.

पहिली दोन मिनिटं नुसतं रडणं. मग झीला डॉक्टरांनी चाचरत काहीतरी विचारलं. मला ‘बा’ ऐकू आलं. पर्शंगताईंनी ताटच खाली ठेवलं आणि इतक्या मोठ्याने हसल्या की सुंदरम्मा बाहेर आल्या.

“काय म्हणाल्या?” मी.

झीला डॉक्टर लाल झालेल्या. “म्हणते, तेहरानची कधी झालीस गं? आपण ‘बा’ कधी म्हणलो?”

मग पर्शंगताईंनी ताटातली सुरी उचलून पडद्यासमोर नाचवली : “ब केर्द!” सुरीने. मग शेजारच्या कुणाला तरी ओढून आणलं, एक मिशीवाले गृहस्थ, त्यांचे भाऊ निघाले. त्यांच्या खांद्यावर थाप मारून : “लगल बराकम!” भावाबरोबर. ब आणि लगल. दोन शब्द. पुस्तकं बरोबर होती, चुकलो होतो मीच, आणि माझ्या चुकीचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

पुढे मी काहीच विचारलं नाही. गरजच नव्हती. दोघी बहिणी भांडायला लागल्या. आई सुरीला केर्द म्हणायची की दुसरंच काही, यावर जोरदार जुंपली. झीला डॉक्टर पहिल्यांदा अडखळत होत्या, मग पळायला लागल्या, मग त्यांना थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. भाऊ मधे बोलले तर दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. बसवेश डॉक्टर दारात उभे होते. मला हळूच म्हणाले, “मी हिला असं बोलताना बघितलंच नाही कधी. आवाज वेगळा आहे हो हिचा.”

मी मॅडमकडे पाहिलं. त्या कानाला हेडफोन लावून आवाजाची पट्टी सांभाळत होत्या आणि हसत होत्या. एक शब्द कळत नसताना.

रविवार, १ सप्टेंबर

‘लगल’मधला ‘गल’ म्हणजे जमाव, कळप असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मी झीला डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “असंल की. आमचे आजोबा मेंढरंवाले.”

“माझे वडीलही,” मी म्हणालो. “आम्ही सांगोल्याकडचे धनगर. आई अजून मेंढरं राखते.”

“मग तुमाला पुस्तक कशाला लागालंय? कळपात चाललं म्हणजेच बरोबर चाललं.”

रात्री आईला फोनवर ही गोष्ट सांगितली. मायाक्का म्हणजे माझी आई, तिला माझा प्रबंध म्हणजे एखादं न भरणारं गळू वाटतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती गाडीवाली मास्तरीण संगं हुती का?”

“ग्रंथपाल आहेत त्या. होत्या की.”

“दर फोनात हाय ती,” आई म्हणाली आणि मेंढी लंगडतीय ते सांगायला लागली.

मोटारसायकल दुरुस्त झालीय. गॅरेजवाल्याचे दोन फोन आले. वेळ मिळेल तसा आणीन, घाई कसली.

रविवार, २२ सप्टेंबर

आज झीला डॉक्टरांनीच मला वाक्यं घातली. म्हणाल्या, परीक्षा घेते. “मी स्कूटरने आलो, म्हणा.”

“ब मोतोर हातम.”

“मी राजश्रीबरोबर आलो.”

“तेच ना, ब मोतोर…”

“स्कूटर नाही विचारली.”

मॅडम रेकॉर्डरच्या बटणात एकदम गुंतल्या. मी चुकीची दुरुस्ती केली, ‘लगल राजश्री’. उच्चार बरोबर आला तरी झीला डॉक्टरांनी तीनदा म्हणायला लावलं. भाषा शिकवताना त्या फार कडक होतात.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आनंदाची बातमी. राजश्री मॅडमची कोल्हापूरच्या एका मोठ्या कॉलेजात निवड झाली. डिसेंबरात रुजू व्हायचंय. ग्रंथालय तीन मजली आहे म्हणे. मी मनापासून अभिनंदन केलं. स्टाफरूममध्ये पेढे वाटले त्यांनी.

जेवणाचा डबा तसाच परत आला. भाजीत मीठ जास्त असावं.

रविवार, ६ ऑक्टोबर

मॅडमना घरी काम होतं, आल्या नाहीत. गॅरेजमधून मोटारसायकल काढून एकटा गेलो. रेकॉर्डर मीच चालवलं, तासभर बोलून झाल्यावर कळलं की बटण दाबलंच नव्हतं.

झीला डॉक्टर म्हणाल्या, “सर, तुमाला एक विचारू? त्या कोल्हापूरला चालल्यात. तुमी काय म्हणलाव त्यांना?”

“अभिनंदन म्हणालो.”

“आणि?”

“आणि काय?”

त्यांनी बसवेश डॉक्टरांकडे बघून काहीतरी कुर्दीत म्हटलं. मला बरीच कुर्दी समजते आता. हे मात्र मुद्दाम भरभर बोलल्या. बसवेश डॉक्टरांना कुर्दी अजिबात येत नाही, तरी तेही मान डोलावून “व्हय व्हय” म्हणाले.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर. पुणे

सादरीकरण झालं. आधी घाम फुटला होता. मग पर्शंगताईंचा आवाज खोलीत घुमला, “ब केर्द!”, आणि सगळे परीक्षक हसले. मी माझी चूकही सांगितली : एका माणसाच्या एकटेपणातली भाषा मी गावाची भाषा समजून बसलो होतो. एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, “ही शंका तुम्हाला केव्हा आली?”

मी म्हणालो, “मला आली नाही. आमच्या ग्रंथपाल राजश्री यांना आली. बहिणीला फोन लावायचंही त्यांनीच घडवून आणलं. खरं तर या प्रकरणात जे काही जिवंत आहे…” सरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

प्रकरण मंजूर. सरांनी पाठ थोपटली. बाहेर पायरीवर येऊन बसलो आणि फोन काढला. आईला करावा, झीला डॉक्टरांना करावा. बोट भलत्याच नावावर गेलं. तिथेच थांबलं. इतके महिने मी काय करत होतो? सदतीस वर्षांचा माणूस, विभक्तीवर प्रबंध लिहिणारा, आणि इतकं साधं वाक्य मला स्वतःविषयी मांडता आलं नाही.

फोन लावला नाही. हे फोनवर सांगायचं नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

सकाळीच त्यांच्या घरी गेलो. दार वडिलांनी उघडलं. नागनाथकाका रेल्वेतून निवृत्त झालेत. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बसा म्हणाले. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो.

“राजश्रीला विचारायला आलोय,” मी म्हणालो, “लग्नाचं.”

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “तिला विचारा. तिचं ती ठरवते. माझं एवढंच की, तुमच्या घरी, तुमच्या गावात माझी पोरगी कुणासमोर मान खाली घालून उभी राहणार नाही. हे तुम्हाला झेपेल का, ते आधी स्वतःला विचारा.”

“आईशी मी बोलतो. चुलते बोलायचे बंद होतील कदाचित. तर होऊ देत.”

“कदाचित नाही, होतील,” काका म्हणाले. “बघा विचार करून.”

तेवढ्यात ती आतून आली. सगळं ऐकलं होतं. मी तयार केलेलं भाषण विसरलो. म्हणालो, “कोल्हापूरला जाऊ नका असं म्हणायला आलेलो नाही. जा. पण माझ्याशी लग्न करून जा.”

“इतके रविवार मी रेकॉर्डरसाठी येत होते, असं वाटलं तुम्हाला?”

“हो.”

“खरंच?”

“खरंच.”

ती काकांना म्हणाली, “बघितलंत बाबा? म्हणाले नव्हते मी?” आणि दोघं बापलेक हसायला लागले. काका उठून स्वतः चहा टाकायला गेले. चहाला बराच वेळ लावला त्यांनी.

सोमवार, २१ ऑक्टोबर

आईला फोन केला. सगळं सांगितलं, जातीसकट. पलीकडे मेंढरं ओरडत होती.

मग म्हणाली, “चुलता तुजा लई तमाशा करंल.”

“करू दे.”

“करू दे म्हंतूस, हितं ऱ्हायचंय मला.” मग कुठल्यातरी मेंढराला हाकललं. “पोरगी कशी हाय, बघू तरी. घिऊन ये.”

‘घेऊन ये’ म्हणाली. रात्रभर झोप नाही, पण चांगल्या कारणाने.

रविवार, १० नोव्हेंबर

काल आम्ही दोघं गावी गेलो. चुलत्यांनी आम्हाला पाहून दार लावून घेतलं. राजश्रीने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे चालत राहिली. मेंढरांच्या वाड्यापाशी आई नुकत्याच व्यालेल्या मेंढीजवळ बसली होती. उठली नाही. ओल्या कोकराला पुसता पुसता म्हणाली, “ये. मेंढराला भितीस का?”

“भिते,” राजश्री म्हणाली.

“मग बरंय. न भिणाऱ्या मानसाचं ध्यान ऱ्हात न्हाय.” आणि कोकरू तिच्या ओंजळीत दिलं. कोकराने आधी तिची ओढणी चघळली आणि मग ड्रेसवर जे करायचं ते केलं. राजश्री किंचाळली, पण सोडलं नाही. आई पोट धरून हसली. दोन वर्षांत, वडील गेल्यापासून, मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

जेवताना आईने कोल्हापूरची नोकरी नीट समजून घेतली. कुठली एसटी, कुठं थांबते, किती वाजता. मग म्हणाली, “ह्यो सोलापुरात, तू कोल्हापुरात. माजं घर मदी पडतंय. शनवारी दोगं हितं या. चुलत्याला रोज-रोज दार लावायला कटाळा यील, मंग उगडंल.”

भाकरी थापता थापताच म्हणाली, जणू पाऊसपाण्याचं बोलत होती.

आज दुपारी निघायची वेळ झाली. राजश्री अंगणात दुसऱ्या कोकराला बाटलीने दूध पाजत बसली होती. ते कोकरू माझ्या आईला लाथा मारत होतं आणि हिच्याकडे गुमान पीत होतं. आईने राजश्रीची पिशवी माझ्या हातून काढून घेतली आणि घरात नेऊन ठेवली.

“तू जा तुज्या कालिजात. हिला उद्या धाडते. अजून दोन मेंढ्या व्यायच्यात.”

मी राजश्रीकडे बघितलं. तिने वर न बघताच हात हलवला.

तर हे सांगोला स्टँडवर बसून लिहितोय. एसटी अर्धा तास उशिरा आहे. शेजारी जागा रिकामी आहे, आणि माझ्या चेहऱ्यावर काय आहे कोण जाणे, समोरचा भेळवाला मघापासून माझ्याकडे बघून हसतोय.